दवाखान्याच्या अलीकडची वाट

१ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली मोटार अहमदनगरहून निघाली आणि सुप्याचा माळ मागे टाकून, शिरूरजवळ घोड व कोरेगावजवळ भीमा ओलांडून पुण्यास पोहोचली, या घटनेची नोंद आपल्याकडे दळणवळणाच्या इतिहासात केली जाते. ती आरोग्याच्या इतिहासातही व्हावयास हवी, असे मला फार दिवस वाटत आले आहे. ज्या शिरूर तालुक्याच्या मधून ती मोटार गेली, तेथील कुणब्याला पुण्याचे ससून रुग्णालय नावाने ठाऊक होते. पण आजारी माणूस तेथवर नेणे हे तोवर बैलगाडीच्या चालीवर किंवा एखाद्या खासगी मोटारवाल्याच्या मर्जीवर अवलंबून असे. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या भाड्यात, कोणालाही बसता येईल अशी गाडी गावावरून जाऊ लागली, तेव्हा इस्पितळ जागचे न हलताही जवळ आले. रुग्णालयातील खाटा, डॉक्टरांची पदे आणि औषधांचा साठा यांची मोजदाद सरकारदरबारी नियमाने होते. परंतु दुखणे आणि दवाखाना यांच्यामधील वाट कशी आहे, ती कोणत्या वाहनाने, किती वेळात आणि कोणत्या धोक्यातून कापावी लागते, हा प्रश्न बांधकाम खात्याचा समजला जातो आणि आरोग्य खात्याच्या दप्तरात त्याला जागा मिळत नाही.

हा प्रश्न नीट समजून घ्यावयाचा तर पुणे जिल्ह्याच्या पूर्व अंगाला असलेले शिरूर आणि दौंड हे दोन शेजारी तालुके शेजारीशेजारी ठेवून पाहावेत. दोघांच्या मधून भीमा वाहते. दोन्हीकडे ऊस आहे, कारखानदारी आहे, पुण्याची ओढ आहे. पण एकाची घडण रस्त्याने केली आणि दुसऱ्याची रुळांनी. शिरूर तालुक्यात आजही रेल्वेचा रूळ नाही. घोडनदीचे जुने लष्करी ठाणे, रांजणगावचा महागणपती, शिक्रापूर-सणसवाडीचे कारखाने हे सारे नगर रस्त्याच्या दोऱ्यात ओवलेले आहे. दौंड हे मात्र रेल्वेने वाढविलेले गाव. पुण्याहून सोलापूरकडे जाणारा लोहमार्ग येथून गेला, १८७८ साली मनमाडचा फाटा निघाला, १९१४ साली बारामतीचा निघाला, आणि भीमाकाठचे एक खेडे जंक्शन होऊन बसले. २०१७ साली पुणे-दौंड मार्गाचे विद्युतीकरण पूर्ण झाले व डेमू गाड्या सुरू झाल्या, तेव्हापासून यवत, खुटबाव, केडगाव, कडेठाण, पाटस या लहान स्थानकांवरून पुण्यास नोकरीला जाणाऱ्या पासधारकांचा दिवस त्या गाडीच्या वेळेवर उगवतो आणि मावळतो.

वाहनांमुळे रोग हिंडतात, हे या भागाने आजच पाहिले असे नाही. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकाशियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले आणि पुढच्या काही महिन्यांत ती साथ पुण्यास पोहोचली. माणसे गाव सोडून पळत होती, आणि पळण्याचे सर्वांत जलद साधन आगगाडी हेच होते. १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा झाला व त्याच्या आधारे रेल्वेच्या उतारूंची तपासणी सुरू झाली. त्याच वर्षी मध्य प्रांतात दुष्काळ होता, आणि पंडिता रमाबाई तेथील निराधार मुलींना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगमुळे आणखी मुली ठेवण्यास मनाई झाली, तेव्हा त्यांनी त्या मुलींना केडगावच्या शेतावर नेले, आणि आज जगाला ठाऊक असलेले मुक्ती सदन त्यातून उभे राहिले. साथ आणि आसरा, दोन्हींची ये-जा एकाच लोहमार्गावरून झाली होती. पुढे सव्वाशे वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, महाराष्ट्र सरकारने करोनाच्या बंदोबस्तासाठी तोच १८९७ चा कायदा बाहेर काढला, रेल्वे थांबली, एस.टी. थांबली, आणि वाहन बंद होताच दर महिन्याला पुण्याहून औषध आणणारा हृदयरोगी आणि आठवड्यातून दोनतीनदा डायलिसिसला जाणारा मूत्रपिंडाचा रोगी यांची कशी कोंडी होते, हेही आपण सर्वांनी पाहिले. साथ रोखण्यासाठी चाक थांबवावे लागते आणि जीव वाचविण्यासाठी ते फिरते ठेवावे लागते. ही ओढाताण प्रत्येक साथीत नव्याने सोडवावी लागते, आणि तिची तजवीज साथ नसतानाच करून ठेवावयास हवी.

तथापि, साथी वर्षानुवर्षांनी येतात; रस्ता मात्र रोज माणसे घेतो. २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे दगावली, अशी केंद्र सरकारची नोंद आहे. या मृतांपैकी सुमारे ६८ टक्के ग्रामीण भागात गेले. एकंदर मृतांत दुचाकीवरचे ४४.५ टक्के आणि पायी चालणारे १९.५ टक्के होते. म्हणजे दर तीन मृतांतले जवळजवळ दोन जण पत्र्याच्या आवरणाबाहेरचे होते. राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांची लांबी देशातील एकूण रस्त्यांच्या सुमारे ५ टक्के. पण सुमारे ६० टक्के मृत्यू त्यांच्यावर घडले. एखाद्या तापाने इतकी माणसे नेली असती तर आपण त्याचा जंतू शोधला असता, लस मागितली असती, गावोगाव पथके धाडली असती. अपघातात गेलेल्या तरुणाविषयी मात्र त्याची वेळ भरली होती असे म्हणून आपण तेराव्याला जेवून उठतो, याचा मला मनस्वी विषाद वाटतो. कारण या रोगाची कारणे हिवतापाच्या कारणांइतकीच स्पष्ट आहेत आणि त्याचा उपायही तितकाच हाताशी आहे.

सोलापूर रस्त्यावरचे कोणतेही मोठे गाव घ्यावे. गावठाण रस्त्याच्या एका बाजूला, आणि शाळा, दूध संकलन केंद्र किंवा निम्मी शेती दुसऱ्या बाजूला. रस्ता चौपदरी झाला, मध्ये दुभाजक आला, आणि ज्या वाटेने पिढ्यान्‌पिढ्या गुरे व माणसे ओलांडत होती तिथे कमरेएवढी भिंत उभी राहिली. अधिकृत वळण दूर असते. म्हणून कोणीतरी दुभाजकाचे दोन दगड काढतो, आणि ती फट गावाची वाट होते. सकाळी तिथे उभे राहिले तर दिसते ते असे: डोक्यावर वैरणीचा भारा घेतलेली बाई पहिले दोन पदर धावत ओलांडते, फटीत येऊन आडवी होते, कारण भारा सरळ मावत नाही, आणि समोरच्या बाजूने येणाऱ्या मालमोटारींमध्ये अंतर पडेपर्यंत, पदर दातांत धरून, तशीच आडवी उभी राहते. तिच्या मागे दप्तर पाठीवर घेतलेली दोन मुले असतात. ज्या आराखड्यात हा रस्ता रेखला गेला त्यात गाडीचा वेग ताशी किती किलोमीटर असावा याचा हिशेब बारकाईने केलेला होता. भारा घेतलेल्या बाईचा वेग त्यात धरलेला नव्हता. वेगाविषयी शास्त्राचे म्हणणे तर निःसंदिग्ध आहे: वाहनांचा सरासरी वेग १ टक्क्याने वाढला की जीवघेण्या अपघाताचा संभव सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो. दुचाकीवर हेल्मेट नीट बांधून घातले तर मृत्यूचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी घटतो, हेही तितकेच सिद्ध झालेले आहे. पण जवळच जायचे आहे, शेतावर तर चाललो आहे, असे म्हणून हेल्मेट घरातल्या खुंटीवर राहते.

गळीत हंगामाची गोष्ट निराळीच आहे. दिवाळीच्या सुमारास बीड-नगरकडून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या या दोन्ही तालुक्यांत उतरतात, आणि तेव्हापासून उन्हाळ्यापर्यंत न्हावरे-पारगाव-चौफुला रस्त्यावर, पाटसच्या आसपास, रात्रंदिवस उसाची वाहतूक चालते. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या. ऊस मागून हात-दीड हात बाहेर आलेला. मागचा दिवा असलाच तर वाढ्याने झाकलेला. अंधारात मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला ती ट्रॉली दिसते ती अगदी जवळ आल्यावर, आणि रांजणगावच्या कारखान्यातील दुसरी पाळी सुटून तो थकून घरी निघालेला असेल तर तेवढीही दिसत नाही. ट्रॉलीच्या मागे लाल रेडियमची पट्टी किंवा परावर्तक कापड लावण्यास फारच थोडे पैसे लागतात. आर.टी.ओ. आणि साखर कारखाने हंगामाच्या आरंभी हे काम करतात, त्याबद्दल त्यांचे ऋण मानलेच पाहिजे. पण चार खेपांत पट्टी निघून जाते, चिखलाने माखते, आणि तिच्याकडे पुन्हा कोणी पाहत नाही. वजनकाट्यावर प्रत्येक खेपेचे वजन न चुकता होते. त्याच काट्यावर मागची पट्टी पाहिल्याखेरीज पावती देऊ नये, एवढा एक नियम कारखान्यांनी कसोशीने पाळला तर त्याचे मोल एखाद्या नव्या शल्यगृहाइतके होईल, अशी माझी पक्की समजूत आहे.

अपघातानंतरच्या पहिल्या तासाची कथा थोडक्यात सांगतो. २०१४ साली महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली, आणि खेड्यातल्या माणसाला प्रथमच एका हाकेसरशी डॉक्टरसह वाहन मिळू लागले. जखमीला हात लावला तर पोलिसांच्या चौकशीत अडकू, ही भीती मात्र अजून गेलेली नाही. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन मदत करणाऱ्यास स्पष्ट संरक्षण मिळाले आहे. त्याला नाव सांगण्याचीही सक्ती करता येत नाही. ही गोष्ट चौफुल्यावरच्या प्रत्येक धाब्यावर मोठ्या अक्षरांत लिहून लावण्याजोगी आहे.

आता ज्या हानीचा आवाज होत नाही तिच्याकडे वळू. १९५३ साली जेरेमी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या बसगाड्यांवर काम करणाऱ्या हजारो माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच गाडीवर, एकाच शहरात, जवळजवळ एकाच वेतनवर्गातली दोन माणसे: एक दिवसभर बसून गाडी हाकणारा, दुसरा दुमजली गाडीचे जिने चढउतार करीत तिकिटे फाडणारा. कंडक्टरांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण ड्रायव्हरांच्या मानाने पुष्कळच कमी, आणि त्यातून येणारा मृत्यू तर सुमारे निम्म्यानेच कमी आढळला. रोजच्या कामातील हालचाल हृदयाचे रक्षण करते, हा विचार आधुनिक वैद्यकात दृढ झाला तो मुख्यतः या शोधामुळे. आपल्या तालुक्यांत गेल्या एका पिढीत जे घडले ते या प्रयोगाचीच मोठी आवृत्ती म्हणावी लागेल. ज्या वस्तीवरून शाळेला, बाजाराला, डेअरीला माणूस पायी किंवा सायकलने जात असे, तेथे आता घरटी मोटारसायकल आली. ज्याच्या बापाने सायकलच्या हँडलला किटल्या अडकवून दूध घातले, तो आता अर्धा कोस अंतरही किक मारल्याशिवाय जात नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीत देशात मधुमेही १० कोटींहून अधिक असल्याचे दिसले, आणि ग्रामीण प्रौढांतही त्यांचे प्रमाण ८.९ टक्के भरले. हे सारे मोटारसायकलमुळे झाले असे कोणी म्हणणार नाही. आहार बदलला, आयुर्मान वाढले. पण आठवड्यात निदान दीडशे मिनिटे शरीर हलते ठेवा असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि ती मिनिटे पूर्वी कोणी न सांगता पदरात पडत होती, हे विसरून चालणार नाही.

येथे मात्र थोडे थांबून दुसरी बाजू पाहिली पाहिजे, नाही तर पायी चालण्याचे गोडवे गाणे हा सुखवस्तू माणसाचा छंद ठरेल. १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत सुरू झालेल्या, मातेच्या पोषणाविषयीच्या प्रख्यात अभ्यासात असे आढळले की, गरोदरपणी शेतकाम आणि पाणी आणणे-भरणे यांसारख्या कष्टांचा भार ज्या स्त्रियांवर अधिक, त्यांची बाळे जन्मतः लहान. तेव्हा बैठ्या कारकुनाला चालावयास लावणे आणि सात महिन्यांच्या गरोदर बाईला हंडा घेऊन चालावयास लावणे, या दोन गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत. एकाला चालण्यासाठी सुरक्षित वाट हवी, दुसरीला न चालण्यासाठी वाहन हवे, आणि दोन्ही देणे हे सार्वजनिक आरोग्याचेच काम आहे. शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे डॉ. बानू कोयाजी यांनी हे मर्म फार लवकर ओळखले. पुण्याच्या केईएम रुग्णालयामार्फत १९७० च्या दशकात त्यांनी तेथे जे काम उभे केले, त्याचा गाभा हाच होता की गावातल्याच माणसांना शिकवून आरोग्यसेवा घराच्या उंबऱ्यापर्यंत न्यावी. १९९३ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००२ पासून याच वढूच्या परिसरातील बावीस गावांत जन्म, मृत्यू आणि स्थलांतर यांची सलग नोंद ठेवली जाते. कोण कोठून आला, कोठे गेला, हे आरोग्याच्या वहीत जन्ममृत्यूइतक्याच काळजीने लिहिले जाते, ही गोष्ट मला अतिशय मोलाची वाटते.

पण सर्वच सेवा उंबऱ्यापर्यंत येत नाही. क्ष-किरणासाठी, शस्त्रक्रियेसाठी, तज्ज्ञाच्या तपासणीसाठी तालुक्याला जावेच लागते, आणि तेथे एस.टी.ला पर्याय नाही. २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप चालला, तेव्हा वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीने, प्रसंगी मागच्या फळीवर लोंबकळत, शाळकरी मुली आणि म्हातारी माणसे जाताना दिसत होती. पुढे ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तर वर्षांवरील नागरिकांना एस.टी.चा प्रवास मोफत झाला आणि मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट झाले. या सवलतींची चर्चा महामंडळाच्या तोट्याच्या अंगाने फार झाली. माझ्या मते त्या आरोग्याच्या योजना आहेत. कारण ज्या सासूच्या बी.पी.च्या गोळ्या भाड्यासाठी लांबणीवर पडत होत्या, ती आता आपल्या पायांनी आणि आपल्या निर्णयाने जाऊन गोळ्या आणू शकते. एक उणीव मात्र पैशाने झाकली जात नाही. दिवसभराच्या प्रवासाला निघालेली बाई सकाळपासून पाणी पीत नाही. बसस्थानकावरच्या स्वच्छतागृहात जाववत नाही, थांब्यावर ते नसतेच. म्हणून उन्हाळ्यातही ती घोटभर पाण्यावर राहते, आणि मूत्रमार्गाचे दुखणे घरी घेऊन येते. हे दुखणे कोणत्याही अपघाताच्या आकड्यात येत नाही.

धुराविषयी दोन शब्द पुरेत. डिझेलचा धूर कर्करोगास कारण होतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ सालीच दिला आहे, आणि शिक्रापूर-वाघोली पट्ट्यातील तासन्‌तासांच्या कोंडीत अडकलेला माणूस तो धूर विकत न घेताही घेत असतो.

या साऱ्यात आशेला जागा आहे का, असे विचाराल तर ती दौंड तालुक्यातच पाटसपाशी आहे. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी लोणी काळभोरनंतर यवतला येते, पिठलं-भाकरीचा पाहुणचार घेते, वरवंडला मुक्काम करून बारामतीकडे वळते. एके काळी पंढरीची वारी आणि पटकी यांची सांगड सरकारी अहवालांत पक्की बसलेली होती. शुद्ध पाणी, फिरती शौचालये आणि वाटेवरची वैद्यकीय पथके यांनी ती सोडविली, ही महाराष्ट्राच्या आरोग्यव्यवस्थेची फार मोठी आणि फार थोड्यांनी वाखाणलेली कामगिरी होय. या वारीच्या वाटेवर पाटसपासून तोंडल्यापर्यंत सुमारे १३० किलोमीटरचा पालखी महामार्ग चौपदरी करण्याच्या कामाची कोनशिला ८ नोव्हेंबर २०२१ रोजी बसविली गेली, आणि त्या आराखड्यात वाहनांच्या पदरांशेजारी वारकऱ्यांसाठी स्वतंत्र पायवाट मंजूर झाली. एका राष्ट्रीय महामार्गाच्या आराखड्याने पायी चालणारा माणूस जमेस धरला, तो त्याच्या खांद्यावर पताका होती म्हणून. ही सवलत आषाढापुरती न राहता बारमाही व्हावी. त्याच पायवाटेने शाळेची मुले, दूध घालणारे आणि शुगर तपासून परतणारे म्हातारे चालावेत, तिच्यावर टपऱ्या आणि उभ्या मालमोटारी येऊ नयेत, तिला सावलीची झाडे आणि गावोगाव ओलांडणीचे भुयारी मार्ग मिळावेत, आणि मग नगर रस्त्यालाही तसाच पदर मागण्याचा हक्क शिरूरकरांना असावा.

पायवाटेला काळ लागेल, भूसंपादन लागेल. पण एक काम असे आहे की त्याला कागदाचा एक ताव आणि दोन अधिकाऱ्यांची एक बैठक पुरेल. एस.टी.च्या ग्रामीण फेऱ्या शाळा-कॉलेजांच्या घंटेशी जुळविलेल्या असतात, आणि ते योग्यच आहे. परंतु आरोग्य केंद्रांचा बाह्यरुग्ण विभाग कधी उघडतो, लसीकरण कोणत्या वारी असते, याची माहिती आगाराच्या वेळापत्रकात मागितली जात नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानाखाली सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची तज्ज्ञांकडून मोफत तपासणी होते. शिरूर आणि दौंड, दोन्ही ठिकाणी एस.टी.चे आगार आहे आणि दोन्ही ठिकाणी तालुका आरोग्य अधिकारी आहेत. निदान त्या ९ तारखेला तरी मुक्कामी गाडी तपासणीच्या वेळेत तालुक्याला पोहोचावी आणि दुपारची परतीची फेरी तपासणी आटोपण्यापूर्वी सुटू नये, एवढे त्यांनी आपसांत ठरवून फलाटावरच्या फळ्यावर खडूने लिहावे.